समोरच्या संघाची गोलकीपर

भारतीला फुटबॉल शिकवला तो महिपती सरांनी. बारवी धरणाकडच्या वाडीतून ती अंबरनाथला मामाकडे शिकायला आली होती. शाळेच्या मैदानावर तिचं अनवाणी धावणं सरांनी पाहिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्यासाठी बूट आणले. सर कारखान्यात नोकरीला, संध्याकाळी मुलींना खेळवायचे. कुणी पडलं की तोंडावर पाणी मारायचे आणि म्हणायचे, "ऊठ, वाघीण आहेस तू."

एकदा हेडर घेताना भारतीचं डोकं दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर आपटलं. तरी ती मॅच संपेपर्यंत खेळली, सगळ्यांनी पाठ थोपटली. पुढे महिनाभर तिचं डोकं दुखत राहिलं, पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची. वाडीवरून आलेल्या आईने नजर काढली. सरांच्या कानावर मात्र कुणी घातलंच नाही.

आता भारती बदलापूरला मांजर्लीत राहते आणि हेंद्रेपाड्याच्या मुलींना शिकवते. मागच्या वर्षी कोच लोकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. एक डॉक्टर बाई सांगत होत्या, "डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी मुलीला बाहेर घ्या. त्या दिवशी परत खेळवायचं नाही. बेशुद्ध पडली नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं." मग त्यांनी लक्षणं सांगितली. डोकं दुखणं, गरगरणं, तेच तेच विचारणं, वाचताना त्रास होणं. भारती खाली मान घालून ऐकत राहिली. तिला ते हलणारं पुस्तक आठवलं.

महिपती सर त्या प्रशिक्षणाला आले नव्हते. "इतकी वर्षं काय गोट्या खेळलो?" असं म्हणाले होते म्हणे.

यंदा फायनलला नेमकी त्यांचीच टीम समोर आली. एक-एक अशी बरोबरी असताना भारतीची तेजल बॉल घेऊन आत घुसली. सरांची गोलकीपर सोनिया बॉलवर झेपावली आणि तेजलचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. सोनिया उठली, हसलीही. पण गोलपोस्टकडे जाताना तिने आधी खांब धरला, मग हात सोडला. ते भारतीने पाहिलं.

ती सरांजवळ गेली. "सर, तिला बाहेर घ्या."

"तुझ्या फायद्याचं आहे, म्हणून सांगतेस?" सर म्हणाले. बाजूचे पालक हसले.

भारतीचे कान तापले. "माझी तेजल मी बाहेर बसवते. मग तर झालं?"

तेजल म्हणजे तिच्या टीमचा अर्धा खेळ. मग सरांनी सोनियाला हाक मारली. "काय गं, स्कोअर किती?"

"सर, हाफ टाईम झाला का?"

हाफ टाईम होऊन बराच वेळ झाला होता. सरांनी तिच्या हातातले ग्लोव्हज स्वतः काढून घेतले आणि तिला सावलीत बसवलं. भारतीनेही शब्द पाळला. तेजल रडवेली होऊन म्हणाली, "ताई, मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस. बस माझ्याजवळ."

हेंद्रेपाड्याची टीम हरली. तेजलचे वडील कैलास दोन दिवस भारतीशी बोलले नाहीत.

सोनियाला मैदानातूनच रिक्षाने दवाखान्यात नेलं. वाटेत तिला दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी तपासून विश्रांती सांगितली. सुरुवातीला तिला वर्गातला गोंगाटही सहन होत नव्हता. हळूहळू ती सावरली. आधी चालणं, मग धावणं, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच बॉल. तोवर सर रोज तिच्या घरी जाऊन बसत.

तिथूनच त्यांनी एकदा भारतीला फोन केला. "पोरी, त्या वेळी तुझं डोकं आपटलं होतं ना... नंतर काही त्रास झाला होता का?"

"झाला होता, सर. महिनाभर."

"मला सांगायचं होतंस गं."

"सांगायचं असतं, हेच तेव्हा माहीत नव्हतं."

पुढचं प्रशिक्षण उल्हासनगरला झालं. सर सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या बाकावर बसले होते. डॉक्टर बाईंना त्यांनी इतके प्रश्न विचारले, की जेवणाची सुट्टी उशिरा झाली. मागच्या रांगेतले तरुण कोच कुरकुरले. सुट्टीतही सर डॉक्टर बाईंशी बोलतच होते. भारतीने स्वतःचा डबा उघडला आणि सरांच्या वाटणीची भाकरी झाकून बाजूला ठेवली.