सैल केलेली पट्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला रस्त्यात भेटलात तरी ओळखणार नाही.

मी तारापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, राहतो सरावलीला. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बहुतेक वेळा मोठं काही नसतंच — कुठे वायर निसटलेली, कुठे पंख्यात धूळ. नुसतं पीं-पीं वाजतंय आणि स्क्रीन काळीच, तर आतली रॅमची पट्टी काढायची, तिची कडा खोडरबराने पुसायची, परत घट्ट बसवायची. एवढंच. नवापूरच्या एक मावशी तर म्हणतात, "भाऊ, तुमचे हाताला गुण हाय."

हाताला गुण — हं.

माझी मुलगी ऋतुजा केमिस्ट्री शिकली. हैदराबादच्या एका कंपनीची नोकरीसाठी ऑनलाइन परीक्षा होती, घरूनच द्यायची. मोबाइल चालणार नव्हता. ती पास होणार हे मला ठाऊक होतं — आणि तीच तर भीती होती. एकुलती एक पोर, इतक्या लांब, ओळखीचं कुणी नाही… पण ही भीती तिच्यासाठी होती की माझ्यासाठी?

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली होती. बायको स्वयंपाकघरात. मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि — हो, मीच — रॅमची पट्टी एका बाजूने सैल केली. झाकण लावलं. चहा प्यायला बसलो.

मग ते पीं-पीं सुरू झालं.

"बाबा, बघा ना! लवकर!"

मी बघितलं. वायरी काढल्या, लावल्या, घाम पुसला — घाम खरा होता. त्या पट्टीला मात्र हात लावला नाही. "पॉवर सप्लाय गेलाय, नवीन घेऊन आलोच," म्हणालो आणि बोईसर स्टेशनजवळच्या टपरीवर बसून राहिलो. वेळ टळेपर्यंत. ती सायबर कॅफेतही गेली नाही — बाबा येतोच म्हणाले होते ना.

परतलो तेव्हा तिचे डोळे रडून सुजले होते. म्हणाली, "जाऊ द्या बाबा. तुम्ही केवढी धडपड केलीत."

पुढे तिला इथेच, कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये नोकरी लागली. घराजवळ. मला हवं तसंच झालं, नाही का?

गेल्या वर्षी त्या कंपनीत स्फोट झाला. आमच्या खिडकीच्या काचा हादरल्या. मी अनवाणी धावलो. गेटवर धूर, डोळे झोंबत होते, तिचा फोन लागेना. शेवटी ती आली — खोकत, दुसऱ्या एका मुलीला धरून. सगळेच बाहेर आले नाहीत.

कंपनी पुन्हा सुरू झाली. ती पुन्हा जाते. नोकरी सोड म्हटलं तर म्हणते, "सोडून जाऊ कुठे, बाबा?"



आता कुठल्याही कारखान्याचा भोंगा वाजला की मी हातातलं काम टाकून बाहेर येतो, धूर दिसतो का बघतो. हवेला जरा वेगळा वास आला की तिला फोन करतो. तिने उचलेपर्यंत लावतच राहतो. तिला वाटतं, बाबांचा किती जीव आहे माझ्यावर.

दोनदा सांगायला गेलो. दोन्ही वेळा जेवलीस का विचारून परत आलो. कारण तिच्या जिवाची भीती वाटते, हे खरं — पण हे कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, याची भीती त्याहून मोठी आहे.