पाचोड ते कन्नड: वाटता वाटता उरलेली द्राक्षं

माझे मामा कुणाकडे काही मागत नाहीत. म्हणून जानेवारीच्या अखेरीस त्यांचा फोन आला आणि "वर्षे, तुझी गाडी मोकळी हाय का गं एक दिवस?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी आधी घाबरलेच. दवाखाना वगैरे काही आहे का, असं विचारलं तर म्हणाले, "दवाखाना नाय. द्राक्षं न्यायचीत."

मामा पाचोडचे, मोसंबीवाले. राज्यात वाईनच्या द्राक्षांची हवा सुरू झाली तेव्हा त्यांनी रानाच्या वरच्या मुरमाड तुकड्यात शिराझ ही त्यातलीच एक जात लावली होती. त्यांच्या शिवारात तोवर कुणी असलं काही केलं नव्हतं. भावकीत तिला 'दारूची बाग' म्हणायचे. पहिलाच माल परत आला आणि बाग निघाली, पण दोन ओळी मामांनी ठेवल्या. का ठेवल्या ते कुणाला सांगितलं नाही. आता संदीपला, म्हणजे माझ्या मामेभावाला, त्या ओळी काढून तिथंही मोसंबी लावायची आहे. त्याचं चूक नाही, रान तोच करतो. मामांनी एकच अट घातली. ज्या काळे सरांनी माल परत केला होता, त्यांनाच या वर्षीची द्राक्षं दाखवायची. सर 'नाही' म्हणाले तर मामा स्वतः कुदळ घालणार.

काळे सर म्हणजे एकेकाळी शेतकी कॉलेजात शिकवणारे आणि मग नोकरी सोडून कन्नडच्या बाजूला द्राक्षमळा आणि वाईनरी उभी करणारे गृहस्थ. आपल्या भागातले या धंद्यातले अगदी सुरुवातीचे. वाईनरीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना गर्दी नकोय. फोनवर ते मामांना म्हणाले होते, "एक कॅरेट गच्च भरून आणा, चार-सहा बाटल्या वाईन करून बघतो. त्याहून कमी असेल तर चाचणी नीट होणार नाही."

एवढी साधी गोष्ट. एक कॅरेट पाचोडहून कन्नडला न्यायचं.

शुक्रवारी बँक सुटल्यावर मी सिडकोतून निघाले आणि मुक्कामाला पाचोड गाठलं. सोलापूर हायवे आता इतका छान झालाय की गाणी संपायच्या आत गाव येतं. सकाळी उन्हं यायच्या आधी आम्ही तिघांनी द्राक्षं तोडली. करवंदाएवढी, काळीभोर, घोस मुठीत मावेल एवढा. संदीपनं कॅरेट भरलं, वर ओलं पोतं टाकलं, गाडीत मागच्या सीटवर बांधून दिलं आणि "सांभाळून जा ताई" म्हणाला. त्याचा चेहरा बघून तो कुणाच्या बाजूनं आहे ते काही कळेना.

आडूळला चहाला थांबलो. चहा येईस्तोवर मामा गायब. बघते तर गाडीचं दार उघडून घोस काढतायत. रानातला पहिला माल वाटेत भेटेल त्याच्या हातावर ठेवल्याशिवाय पुढे न्यायचा नाही, ही मामांच्या घरची रीत. मोसंबी असो, तूर असो, तेच. चहावाल्यानं दोन मणी तोंडात टाकले, चावले, आणि बाजूला जाऊन थुंकला.

"भाऊसाहेब, निस्तं बीच हाय की! आन् साल किती जाड, चपलेवानी."

मला वाईट वाटलं. मामांचा चेहरा मात्र उजळला. शेजारच्या बाकावरच्या दोघांनाही त्यांनी एकेक घोस दिला. त्यांनीही तोंड वाकडं केलं आणि मामा अजूनच खुश झाले.

"मामा, लोक नावं ठेवतायत आणि तुम्ही हसताय?"

"गाडी काढ, सांगतो."

तर गोष्ट अशी. पहिल्या वर्षी मामांनी त्या वेलींचे असे लाड केले की विचारू नका. द्राक्ष म्हणजे टपोरं, हे डोक्यात पक्कं. म्हणून भरपूर पाणी, भरपूर खत, घोसाची विरळणी, आणि खायच्या द्राक्षांचे घोस जसे औषधात बुडवून फुगवतात तसे हेही बुडवले. मणी असे फुगले की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. टेंपोला हार घालून, नारळ फोडून माल काळे सरांच्या दारात नेला. सरांनी एक मणी खाल्ला आणि हात जोडले. वाईनला लागतं नेमकं उलटं. मणी बारीक, साल जाड, बी पिकलेलं. वेलीला जरा उपाशी ठेवावं लागतं, तेव्हा कुठं रस घट्ट होतो. सर म्हणाले, "भाऊसाहेब, ही ताटात ठेवायची द्राक्षं झाली, पिंपात घालायची नाहीत."

"हार घातलेला टेंपो मागं वळला बघ," मागच्या सीटवर कॅरेटशेजारी बसलेले मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्या दोन वळीवर तवापास्नं शिकतोय मी. पाणी द्यायला हात शिवशिवतो, पर देत नाय."

भावकीतल्या लग्नांत 'भाऊसाहेबांची दारू' या विनोदावर सगळे हसायचे आणि मामाही हसायचे. आत एवढं चालू होतं हे मला माहीत नव्हतं. हाच माणूस, ज्यानं मोसंबीच्या बागेत जीप शिकवताना माझ्याकडून दोन झाडं मोडली तरी आवाज चढवला नव्हता. त्या शिकवणीवरच मी आज त्यांना नेत होते, आणि ही संधी मिळाली याबद्दल मला मनापासून बरं वाटत होतं.

शहरात शिरायच्या ऐवजी बायपासनं जाता येतं, पण मामांना नगर नाक्यावर ओळखीच्या पंक्चरवाल्याला घोस द्यायचा होता. दिला. छावणी, शरणापूर करत दौलताबाद आलं आणि नेहमीप्रमाणे रस्त्यावरच्या अरुंद जुन्या दरवाज्यापाशी गाड्या अडकल्या. जाणाऱ्यांसाठी सांगते: शनिवार-रविवारी सकाळी लवकर दरवाजा पार करा, नाहीतर किल्ला गाडीत बसूनच बघावा लागतो. रस्त्याकडेला पेरू आणि उसाचा रस मिळतो, दोन्ही उत्तम. आणि मंगळवारी हा प्रवास आखू नका, वेरूळची लेणी बंद असतात.

नाशिकची द्राक्षं आज सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण या देवगिरीच्या पायथ्याशी द्राक्षं होतात हे मध्ययुगात इथं आलेल्या एका परदेशी प्रवाशानं लिहून ठेवलंय. वर्षातून दोनदा फळ येतं, याची त्यानं खास नोंद केली. आजही आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा दसऱ्याच्या आसपास, पण फळ एकदाच धरतात. मी हे सगळं मामांना सांगत होते. मागे वळून बघितलं तर मामा अर्धे खिडकीबाहेर. शेजारी अडकलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला घोस देत होते.

"ह्ये द्राक्षं हायत का बोरं?" ड्रायव्हर वरून ओरडला. "बियाच बिया!"

"व्हय! लई झ्याक बोललात!" मामा खालून.

मी उतरले, कॅरेट डिकीत ठेवलं आणि डिकीला कुलूप लावलं. तोवर पोतं चांगलंच खाली बसलं होतं. "मामा, सरांनी गच्च भरून सांगितलंय. चाचणीच झाली नाही तर काय करणार?" मामा म्हणाले, "बरं, आता नाय देत." घाट चढून खुलताबाद आलं. भद्रा मारुतीच्या दारात त्यांनी माझ्यापुढे हात केला. देवाला नाही कसं म्हणणार? किल्ली दिली. देवाला एक घोस पुरला असता, पण पायरीवर बसलेली माणसंही होती.

जेवायला रशीदभाईंकडे गेलो. त्या दिवशीचा हारवाला टेंपो यांचाच, आणि चालवतही तेच होते. गाव हसेल म्हणून मामा परतायला तयार नव्हते, तेव्हा रशीदभाईंनी टेंपो थेट आपल्या घरी खुलताबादला आणला आणि घरातल्या बायकांनी त्या सगळ्या द्राक्षांचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, घातला. तेव्हापासून दर वर्षी लोणच्याच्या दिवसांत सिरक्याची एक बाटली पाचोडला येते. द्राक्षं आता बाजारातली असतात, पण बाटली चुकलेली नाही.

"क्या भाऊसाब, इत्ते दिनां के बाद!" म्हणत त्यांनी मामांना मिठी मारली. भाभींनी खिचडी, खट्टा आणि पापड केले होते. चिंचेचा आंबट, गार खट्टा गरम खिचडीवर ओतून खायचा. उन्हातून आल्यावर याहून चांगलं काही असेल असं मला वाटत नाही. शहरात नान-खलिया सगळेच खातात, पण कुणाच्या घरी खिचडी-खट्टा मिळाला तर सोडू नका. रशीदभाईंनी मणी खाल्ला, बी चावलं आणि मान डोलावली. "इस बार मेरेकू सिरका नई मिलता, लगता. हे तर वाईनचंच दिसतंय."

"तुला काय कळतंय वाईनमधलं?" मामा.

"वाईन का नई मालूम. मगर तुमचं तोंड बगून कळतंय ना."

भाभींनी डबा भरून दिला, वर मला सिरक्याची एक बाटली. एवढं घेऊन त्यांना रिकाम्या हातानं कसं सोडायचं म्हणून मामांनी... पुढचं सांगत नाही. मी निघताना डिकी उघडून बघितलं. कॅरेटचा तळ दिसत होता.

वेरूळ मागे टाकून कन्नडच्या दिशेला निघालं की रस्ता मोकळा होतो, दोन्ही बाजूंना टेकड्या येतात. पोरासारखं खुश होऊन वाटत आलेला माणूस एकदम आखडला होता. वाईनरीच्या फाटकाशी त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. "वर्षे, कमी पडलं गं," एवढंच म्हणाले.

काळे सर स्वतः बाहेर आले. पांढरे केस, चिखलाचे बूट. कॅरेटकडे बघून थांबले.

"भाऊसाहेब, एवढीच? बाकीची कुठं गेली?"

"वाटली, सर."

"वाटली? आणि लोक काय म्हणाले?"

मामांनी मान खाली घातली. "थुकले."

सर आधी बघतच राहिले, मग असे हसले की आतून त्यांची सून धावत आली. मग त्यांनी एक मणी तोंडात घेतला. साल चावली, बी दाताखाली फोडलं, त्याचा आवाज ऐकल्यासारखं केलं. दुसरा घेतला. रसाचा थेंब गोडी मोजायच्या नळीच्या काचेवर ठेवून आत बघितलं. मामांचे डोळे त्यांच्या तोंडावर. मी मनातल्या मनात भद्रा मारुतीला म्हटलं, तुम्हाला घोस मिळालाय, आता तुम्ही बघा.

"एवढ्यात बाटली होणार नाही," सर म्हणाले. "पण मला बाटली नकोच आता. दसऱ्याच्या छाटणीला या वेलींच्या काड्या मला द्याल? माझ्या मुरमाड तुकड्यात कलमं करायची आहेत."

सर मग त्यांना हाताला धरून आपल्या मळ्यातल्या पहिल्या ओळीकडे घेऊन गेले. म्हणाले, "मीसुद्धा पहिली लागवड काळ्या जमिनीत करून बुडवली होती, पण ते मला एकट्याला माहीत होतं. तुमचा टेंपो वळला ना, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुम्हाला आधी येऊन सांगायचं काम माझं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी लागवडीच्या आधी प्रत्येकाच्या रानात जायला लागलो. हा मळा उभा आहे त्यात तुमचा तो टेंपो आहे. हे सांगायला मीच यायला हवं होतं, राहून गेलं."

मामांनी उपरण्यानं डोळे पुसले, उघडपणे. मीही.

मग चव घ्यायच्या खोलीत बसलो. माहितीसाठी: अशा ठिकाणी जायचं असेल तर आधी फोन करा, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी बघायला मिळते, आणि गाडी चालवणाऱ्यानं नुसता वास घ्यावा. मी तेच केलं. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा वाईनचा घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "रशीदच्या सिरक्यापेक्षा बरी हाय. त्याला सांगू नको."

मामांना पाचोडला सोडून रविवारी दुपारी घरी आले. मागच्या सीटवर जांभळा डाग पडलाय, तो काढायचा मी प्रयत्नही केलेला नाही. ओट्यावर सरांनी दिलेली वाईन आणि भाभींनी दिलेला सिरका शेजारी शेजारी उभे आहेत. इतकी वर्षं मला वाटायचं की मामांची बाग वाया गेली. तिच्यातून एका घरात सिरका आला, एका माणसाला आपलं काम कळलं, आणि मला हा शनिवार मिळाला. मी सगळ्यांची ऋणी आहे, दौलताबादच्या त्या एसटी ड्रायव्हरचीसुद्धा.

हे लिहीत असतानाच संदीपचा फोन आला. म्हटलं, काय ठरवलंस?

"ठरवायचं काय, ताई? राहू दे म्हणलं त्या वळी. बाबाचं तोंड बगितलं ना मी." मग म्हणाला, "आन् ऊन लई वाढलंय, म्हणून मोसंबीची एक नळी तिकडं वढून देत होतो. म्हणलं, बाबाला बरं वाटंल."

"मग?"

"मग काय! काठी घेऊन मागं लागले की माझ्या. आता बांधावर बसून ऱ्हायलेत, कुणी पाणी देईल म्हणून."