राजवाड्यातली यजमानीण

पाहुणं कसं व्हावं हे बायकोच्या ऑफिसातल्या ताईंकडून शिकावं. त्यांच्यासारखी पाहुणी अख्ख्या सिंगापुरात नाही, आणि उरलेल्या आशियात असेल असंही मला वाटत नाही. कोणाकडे जायचं ठरलं की ताई आधी लिटिल इंडियात जाऊन मिठाईचा डबा घेणार, दाराशी चपला नीट भिंतीला लावून ठेवणार, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसणार, आणि निघताना स्वयंपाकघरात डोकावून "आमटी कोणाची होती?" असं विचारून त्या माणसाला शाबासकी देणार. हे मराठी घरांपुरतं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण आम्ही एकदा कॉन्डो बघायला त्यांना बरोबर नेलं, तर त्या रिकाम्या फ्लॅटच्या एजंटलाही त्यांनी काजूकतली दिली. "अहो, दार त्यानेच उघडलं ना आपल्याला!" हॉकर सेंटरमधल्या नूडल्सवाल्याचीही त्या विचारपूस करत. तो चिनीत बोलायचा, ताई मराठीत; दोघांचं उत्तम चाललं होतं.

त्यांच्या घरी मात्र आम्ही कधीच गेलो नव्हतो. तोआ पायोहमध्ये एका चिनी आजींच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती आणि आजींची अट पक्की होती, "नो व्हिजिटर्स, लाह!" त्याआधी मुंबईतही हॉस्टेल, मग भावाचं घर. पन्नाशी आली तरी ताईंच्या स्वतःच्या दाराची बेल कोणी वाजवली नव्हती. त्या हे कधी बोलून दाखवत नसत. बायकोने एकदा सहज विचारलं, "ताई, आता तुमच्याकडे कधी बोलावताय?" तर त्या एकदम पर्समध्ये बसचं कार्ड शोधायला लागल्या.

एका डिसेंबरात आम्ही तिघं सुट्टीला अबुधाबीला गेलो आणि तिथून अल ऐनचा एक जुना राजवाडा बघायला निघालो. तिथलं राजघराणं केव्हाच दुसरीकडे राहायला गेलेलं, आता तिथे म्युझियम आहे. गाडीत बसल्यावर पाहिलं, तर ताईंच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा.

"ताई, म्युझियम आहे ते. कोणी राहत नाही तिथे."

"राहत होते ना? मग घरच ते. हात हलवत कसं जायचं?"

मातकट उंच भिंती, खजुराच्या झाडांची सावली, चौकामागून चौक. लोक जुने फोटो आणि शाही पलंग बघत होते. ताई प्रत्येक खोलीच्या दाराशी थबकून, "येऊ का?" असं पुटपुटून मगच आत पाऊल टाकत होत्या. शेवटी आम्ही अंगणातल्या तंबूत आलो. तिथे पाहुण्यांसाठी गालिचे आणि लोड मांडलेले, निखाऱ्यावर कॉफीची किटली, आणि शेजारी पांढऱ्या झग्यातले एक वयस्क गृहस्थ. "बैठो, बैठो," ते म्हणाले. तिकडच्या जुन्या माणसांना हिंदी चांगली येते. ताईंनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. आता हे नको म्हणणार आणि ताई हिरमुसणार, म्हणून मी छताकडे बघू लागलो. पण त्यांनी एक लाडू उचलला, डोळे मिटून सावकाश खाल्ला आणि विचारलं, "घर में बनाया?"

"नहीं," ताई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "मेरा घर नहीं है।"

गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आमचे कप भरले. तेवढ्यात बाहेर अजान झाली. ते उठले आणि किटली सरळ ताईंच्या हातात देऊन म्हणाले, "मैं नमाज पढ़ के आता हूँ। कोई आए तो आप पिलाना। अभी ये आपका घर।"

ते गेले आणि एक गोरं वयस्कर जोडपं तंबूच्या तोंडाशी येऊन घुटमळलं. ताई ताडकन उठल्या. "या, या! बसा ना!" चक्क मराठीत. त्यांना लोड सरकवून दिला, कॉफी दिली, दोघांच्या हातात एकेक लाडू ठेवला, मग इंग्रजीत प्रवासाची चौकशी केली आणि बाईंचे गुडघे दुखतात हेही काढून घेतलं. आम्हाला तर त्या विसरूनच गेल्या होत्या. इतकी वर्षं मी त्यांना लोकांच्या घरी पाहुणीसारखं जपून वागताना पाहिलं होतं. इथे त्या पदर खोचल्यासारख्या तंबूभर वावरत होत्या. निघताना त्या बाई ताईंचा हात धरून म्हणाल्या, "थँक यू. युवर होम इज ब्युटिफुल."

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर बायकोने मला कोपराने ढोसलं.

"पुन्हा या," ताई म्हणाल्या.

सिंगापूरला परतल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बुकित पंजांगला छोटासा फ्लॅट भाड्याने घेतला. ऑफिसपासून लांब, पण अख्खा त्यांचा. पहिल्याच रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. साधं वरण-भात-भाजी होतं; भात किंचित लागला होता, त्याबद्दल ताईंनी इतक्या वेळा माफी मागितली की आम्ही तिसऱ्यांदा वाढून घेतला. मग चहा झाला, पुन्हा चहा झाला, ऊन उतरायला लागलं तसे आम्ही उठलो.

ताई खिडकीपाशी गेल्या. "पाऊस येईलसं वाटतंय," त्या म्हणाल्या. "थोडं बसा ना."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. आम्ही बसलो.