जाड साय

आज दुधावर साय भाकरीएवढी जाड आली. चहा मात्र किंचित खारट लागला. आमच्याकडे दूध घालणाऱ्या शांतावहिनींना गोठ्यावर जाऊन विचारलं. गाईच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आटत आलीय ती. आटताना दूध कमी होतं, पण दाट होतं."

हिच्याच चिकाचा खरवस वहिनींनी आळीभर वाटला होता. पुढे भर दुधात दूध पातळ झालं, तेव्हा आम्हीच कुरकुरलो. आटत चाललेल्या जिवात एवढं दाटपण येतं तरी कुठून?

"पुन्हा गाभण आहे ना?"

"यंदा राहिली नाही. भाकड जनावर घरात कोण ठेवू देतंय?" वहिनींनी तोंड फिरवलं.

घरी आले. सासूबाई साय चाखत होत्या. म्हणाल्या, "आता कुठे दूध चांगलं द्यायला लागली गं!"