बॉनेटमधली ओली पट्टी

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी रोज जेवताना वाचते. एकटीने जेवायचं म्हणजे समोर काहीतरी लागतं. आणि वाचताना जवळजवळ प्रत्येक वेळी माझ्या मनात उत्तर तयार असतं — वायरिंग असेल, उंदीर असेल, माणसाची झोप झाली नसेल. कमेंट मात्र मी कधी केली नाही. वाद घालायला बोलावं लागतं, आणि ते मला जमत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्याच बाबतीत जे घडलं त्याला मी तेव्हापासून असंच एखादं सरळ उत्तर शोधतेय. सापडलं असतं तर हे लिहिलंच नसतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, ऑफिसात सगळं हिंदीत, त्यामुळे मराठी लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी देवासला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. तिथेच एक खोली भाड्याने घेतली आहे. घर धारला. तिथे आई एकटी असते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो... ते आता नाहीत. दर शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की मी कारने धारला जाते — इंदूरला बाहेरून वळसा, मग बेटमा, घाटाबिल्लोद, लेबड आणि घर. रविवारी संध्याकाळी परत. आठवड्यातलं माझं मराठी बोलणं तेवढंच. आईचंही बहुधा तेवढंच, कारण आमच्या गल्लीतली मराठी घरं एकेक करून इंदूर-पुण्याला गेली आहेत.

ही कार अण्णांनी रिटायर झाल्यावर घेतली. त्याआधी आमच्याकडे एक जुनी क्रीम कलरची गाडी होती. जाड पत्र्याची, दार लावलं की घरभर कळायचं. ती उन्हाळ्यात दमायची. इंजिनच्या शेजारी फ्युएल पंप असायचा, तो इतका तापायचा की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी जागच्या जागी बंद. जुन्या गाड्यांना ओळखणाऱ्यांना हे माहीत असेल. लेबडच्या पुढे, वीटभट्टीच्या चिमणीजवळ, तेव्हा रस्त्याला लागून एक हातपंप होता. इंदूरहून येताना गाडी हटकून तिथेच बसायची. अण्णा शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडायचे, डिकीतली जुन्या पंच्याची पट्टी काढायचे. ती भिजवून आणणं माझं काम.

"ताप आलाय बाईंना," अण्णा म्हणायचे. "घडी ठेवू, उतरेल."

पट्टीची लांब तीनपदरी घडी घालून ते ती पंपावर ठेवायचे. मी आजारी पडले की माझ्या कपाळावरही तशीच घडी असायची, फक्त मिठाच्या पाण्याची. आईला तेवढा धीर नव्हता. रात्रभर पट्ट्या बदलणं हे अण्णांचं खातं. गाडीला मात्र मीठ चालायचं नाही. मी मागे बसून तिखट-मीठ लावून कैरी खात असले तर हात धुतल्याशिवाय बॉनेटला बोट लावू द्यायचे नाहीत. "मीठ पत्र्याला खातं, रुजू." पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू व्हायची आणि आम्ही घरी जायचो. मला त्या थांबण्याचा कधी राग आला नाही. उलट वाट पाहायची मी त्याची.

नवी गाडी चालायला लागली आणि वर्षाच्या आत तिचा एकेक भाग सुटायला लागला. टचस्क्रीन अडकतो. दाराच्या हँडलचा मुलामा निघाला. डॅशबोर्ड असा खुळखुळतो की जणू आत कोणी चमचे ठेवलेत. मागची काच मधेच खाली जाते आणि वर यायचं नाव घेत नाही. आमच्या लाइनवर असे पार्ट आले असते तर मी लाल स्टिकर लावून परत पाठवले असते. आणि दुरुस्ती म्हणून काही उरलेलंच नाही. इंदूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्याच वयाचा एक ॲडव्हायझर आहे. त्याचं एकच वाक्य — "मैडम, ये रिपेअर नहीं होता, पूरी असेंबली आएगी." बोटाएवढी क्लिप तुटली तरी अख्खी असेंबली, म्हणजे तो सगळा जोडच नवा. माझ्या पगाराचा केवढा भाग त्या काउंटरवर गेला याचा हिशोब मी मुद्दाम करत नाही. तिथे मी मान डोलावते, आणि परत येताना गाडीत एकटी असताना त्याला खणखणीत उत्तरं देते.

एप्रिलमध्ये वायपरचं पाणी भरायला म्हणून मी स्टिअरिंगखालचा बॉनेट उघडायचा लिव्हर ओढला. तो प्लास्टिकचा तुकडा मोडून माझ्या हातात आला. फोन केला तर कळलं की लिव्हर सुटा मिळत नाही, केबलसकट सेट येईल, मागवलाय, वेळ लागेल. तेव्हापासून बॉनेट बंद ते बंदच. मी, आई, कोणीही ते उघडू शकत नव्हतं. एवढं कृपया लक्षात ठेवा.

मे महिन्यातला तो शनिवार. दोन दिवसांपासून मला ताप होता. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसात सांगितलं की सगळे टेबलाशी येतात. आईला सांगितलं तर ती एकटी बसून रात्रभर जागते. गोळी घ्यायची, काम करायचं. त्यातून त्या शनिवारी मला धारला जायचंच होतं, कारण आईला समोर बसून एक गोष्ट सांगायची होती — मी गाडी विकतेय. आता दर आठवड्याला येणं होणार नाही, इंदूरला बस बदलून महिन्यातून एकदा येईन. ते वाक्य मी आठवडाभर तोंडात घोळवत होते. फोनवर म्हणायचा धीर झाला नव्हता.

एसी गार हवा देत नव्हता. घाटाबिल्लोदपर्यंत मी ठीक होते. गोळीचा असर उतरला असावा, कारण पुढे थंडी वाजायला लागली, बाहेर एवढं ऊन असताना. लेबड गेलं. मला फक्त घर दिसत होतं, रस्ता नाही. एकदा डोळे मिटले... उघडले तेव्हा मी शेजारच्या लेनमध्ये होते आणि मागून ट्रक जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवत होता. मी गाडी सावरली. थांबायला हवं होतं. पण आता थोडंच राहिलं, असं वाटलं.

त्यानंतर काही क्षणांतच डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले. इंजिन, ब्रेक, बॅटरी, एअरबॅग — सगळे. इंजिन बंद पडलं. गाडी आपल्या वेगाने कडेला घरंगळत गेली आणि थांबली. झटका नाही, आवाज नाही. मी बटण दाबून पाहिलं, काही नाही. दार उघडलं, गरम वारा आत आला. मी डोकं सीटला टेकवलं, आणि मग थोडा वेळ काय झालं ते मला सांगता येत नाही. झोप म्हणा, ग्लानी म्हणा.

"दीदी... ओ दीदी! गाड़ी बंद हुई गी?"

दुधाचे कॅन लावलेली बाइक आणि तिच्यावरचे एक म्हातारे काका. मी उठून बसले. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की मला गार वाटत होतं. कपाळ गार, कानाजवळचे केस ओले, आणि एक थेंब गालावरून ओठापर्यंत आलेला. खारट. घाम, मी ठरवलं. ताप उतरताना घाम येतोच.

काकांनी गाडीला एक फेरी मारली. "नई गाड़ी ने रस्ता में बैठी गी! म्हारी फटफटी देखो, छोरी की शादी से पेलां की है." मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "घर में कोई है थारे?"

"मम्मी हैं. धार में."

त्यांनीच हेल्पलाइनच्या क्रेनला फोन लावून दिला. क्रेन गाडी घेऊन इंदूरकडे गेली तेव्हा त्यांनी धारची बस हात दाखवून थांबवली आणि कंडक्टरला दम भरला — "भिया, सीट दे दीजो इसको, तबियत नी है." मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

बसच्या खिडकीतून मला वीटभट्टीची चिमणी दिसली. माझी गाडी बंद पडली होती ती तिथेच. हातपंप मात्र आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला. तिथे ओंजळभर पाणी मिळेल अशी जागा उरलेली नाही.

घरी पोचेपर्यंत माझा ताप पूर्ण उतरला होता. आईला म्हटलं, ऊन लागलं. गाडी विकायचं वाक्य तसंच राहिलं. म्हटलं, आधी गाडी परत तर येऊ दे.

मंगळवारी सर्व्हिस सेंटरचा फोन आला. गेले. ॲडव्हायझर पहिल्यांदाच असेंबलीचं बोलला नाही. तो चिडलेला होता.

"मैडम, बोनट में कपड़ा किसने रखा?"

"कैसा कपड़ा?"

त्याने काउंटरखालून प्लास्टिकची पिशवी काढली. "इंजन के ऊपर था. गीला! आग लग जाती तो? वॉरंटी में नहीं आएगा अब ये, बाहर की चीज़ निकली है."

आत पांढऱ्या जाड कापडाची एक लांब पट्टी होती. तीनपदरी घडी. काठाला लाल रेघ.

मी विचारलं, बॉनेट उघडलं कसं? तो म्हणाला, त्याच सकाळी मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेऊन खालून केबल खेचली तेव्हा कुठे उघडलं. मी मोडलेल्या लिव्हरचा तुकडा पर्समधून काढून काउंटरवर ठेवला — तो मी का जपून ठेवला होता कोण जाणे — आणि म्हटलं, "अप्रैल से ये टूटा है. आपके पास कंप्लेंट है. तो कपड़ा मैंने कैसे रखा?"

एवढं लांब मी त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. तो लिव्हरकडे बघत राहिला. मग कॉम्प्युटरकडे. कॉम्प्युटर म्हणत होता की गाडीत एकही फॉल्ट नाही. एकही कोड नाही. बटण दाबल्याबरोबर सुरू झाली होती.

आता तुम्ही जे म्हणाल ते मीही म्हटलं. वर्कशॉपमध्ये फडकी राहून जातात. पण मागच्या सर्व्हिसला राहिलेला फडका काळा, तेलकट आणि एव्हाना जळून कडक झाला असता. हा स्वच्छ होता. आणि मेच्या उन्हात, शनिवारपासून मंगळवारपर्यंत, ओला. पंचा म्हणाल तर लाल काठाचे पंचे धारच्या बाजारात आजही मिळतात, तो कोणाचाही असू शकतो. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. आणि एक गोष्ट आणखी होती — या नव्या गाडीचा फ्युएल पंप इंजिनशेजारी नसतोच, तो मागे टाकीच्या आत असतो. इंजिनवर ओली घडी ठेवून काहीच उपयोग नाही. अण्णा असते तर त्यांना हे माहीत असतं. या विचाराने मला त्या दिवशी फार एकटं वाटलं. म्हणजे घडी ठेवणारे अण्णा नव्हतेच, असं मी स्वतःला पटवलं.

पुढच्या शनिवारी ती पट्टी मी धारला नेली. का, ते विचारू नका. टाकवेना. गच्चीतल्या दोरीवर वाळत घातली आणि आईला काही बोलले नाही.

संध्याकाळी आई वाळलेले कपडे घेऊन खाली आली. पट्टी तिच्या हातात होती. सुकून कडक झालेली, आणि तिच्यावर पांढुरक्या रेघा उमटलेल्या. आईने नखाने एक रेघ खरवडली आणि जिभेला लावली.

"हे मीठ आहे," ती म्हणाली. "कुठली गं ही?"

मी सगळं सांगितलं. चिमणी, बॉनेट, सर्व्हिस सेंटर. ऐकताना आई ती पट्टी बोटांनी चाचपत होती. शेवटी म्हणाली,

"गाडीच्या इंजिनावर मिठाची घडी? तो माणूस मिठाच्या हाताने आपल्याला दार लावू देत नसे."

मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि लहानपणी ठेवायची तसा हात माझ्या कपाळावर ठेवला.

"रुजू. त्या दिवशी ताप होता तुला?"

मला नाही म्हणायचं होतं. नेहमीप्रमाणे. पण तोंडातून निघालं, "हो."

"किती दिवस?"

"दोन... तीन."

"आणि गाडी चालवत आलीस."

"हो."

आई रागावली नाही. नुसतं "अगो बाई" म्हणाली आणि पट्टी घडी करत राहिली. तीनपदरी.

गाडी मी विकली नाही. ती अजून तशीच आहे. स्क्रीन अडकतो, काच खाली जाते, लिव्हरचा सेट एकदाचा आला तो दोन महिन्यांत परत सैल झाला. पण ती पुन्हा कधी वाटेत थांबली नाही. त्या चिमणीपाशी मी आपणहून वेग कमी करते. शनिवारी निघताना आई फोन करते आणि पहिलं हेच विचारते, "अंग गरम नाही ना?" — आणि मी आता खरं सांगते.

बंद बॉनेटमध्ये ती पट्टी कोणी आणि कशी ठेवली, पाणी कुठून आणलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. मला कळलंय ते इतकंच की ती घडी गाडीसाठी नव्हती.