प्रिय काहून

त्याला काहीही सांगा, हनुवटी वर करून तो आधी विचारायचा, "काहून?" ‘का?’ला आम्ही वऱ्हाडी माणसं ‘काहून?’ म्हणतो. तुमच्याही गावात असा एखादा असेल. आमच्याकडे तो घाटंजीत होता. माझ्या तार ऑफिससमोर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान.

दुकानाच्या गच्चीवर त्यानं ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना उभारला होता. हौशी रेडिओवाल्यांचा एक लहानसा उपग्रह रोज आमच्यावरून जायचा. हा खालून निरोप टाइप करून वर पाठवायचा. उपग्रह तो सांभाळून पुढे न्यायचा आणि जगाच्या पलीकडे कुणीतरी उतरवून घ्यायचं. वेळ जेमतेम बारा मिनिटं. तेवढ्यात त्याची बायको, आमच्या वहिनी, गच्चीवरून दोरीनं अँटेना फिरवायच्या आणि हा खालून ओरडायचा, "जरासा उगवतीकडे!"

पहिला निरोप काही केल्या जाईना. वैतागून त्यानं रोमन अक्षरांत नुसतं "काहून?" लिहिलं, आणि नेमकं तेच गेलं. दोन दिवसांनी कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या म्हाताऱ्या मास्तरचं उत्तर आलं: "डिअर काहून..."

मी पोट धरून हसलो. "अरे, नाव तरी दुरुस्त कर!"

"काहून? बरोबरच तं हाय."

पुढे कापसाची ती वाईट वर्षं आली. कुठल्या शेतकऱ्यानं जीव दिला, ती तार माझ्याच हातून जायची. लांबलांबचे बातमीदार येऊन किती मेले ते विचारून जायचे. एकदा मास्तरनंही तेच विचारलं. यानं कळवलं, बाजारात भरताची वांगी आली, तांड्यावरची पोरगी नर्स झाली. मराठीत, खाली इंग्रजी करून.

मला त्याचा भयंकर राग आला. डोळे मिटून बसलास, म्हणालो.

"बाबूजी, मेलेल्यायचं सारेच विचारते. आपन जगूनबी राह्यलो. थे कोन सांगन?"

कुणीतरी तक्रार केली, हा परदेशात बातम्या पाठवतो. ठाण्यातला जमादार आला. "उतरवा तो अँटेना."

"काहून?" यानं भिंतीवरचा रेडिओचा परवाना काढून त्याच्या हातात दिला. "वाचा. वांगे पिकले सांगाले मनाई कुठं लिवली हाय, दाखवा. दाखवली तं मीच उतरवतो."

जमादारानं परवाना दोनदा वाचला, चहा घेतला आणि गेला. अँटेना जागेवरच राहिला.

एका दुपारी सोल्डरिंग करता करता तो खुर्चीतच गेला. आठवड्यानं पडद्यावर अक्षरं उमटली: डिअर काहून, गप्प का? उत्तर द्यायला परवाना हवा. मी छप्पन्नाव्या वर्षी परीक्षेला बसलो. मोर्स तर मला येतच होतं.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मास्तरले सांगा. पन मेले म्हनू नोका. यायनं तशी बातमी कधी धाडली नाई."

त्यांनी दोरी ओढली. मी लिहिलं: बाजारात सीताफळं आली. नातीला दात आला. शेवटच्या मिनिटात रोमन अक्षरांत आणखी दोन शब्द घातले: काहून गेला.

इतक्या वर्षांत मास्तर ‘गेला’ शिकला होता. त्याला निरोप कळला असेल. त्यातला प्रश्न कळायला मात्र वऱ्हाडातच जन्मावं लागतं.