मानपाड्याची सुट्टी आणि झोपलेले तीन प्रोसेसर

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! आधी हातातला चहा खाली ठेवा. माझा हा पराक्रम ऐकताना सख्ख्या भावाने शर्टावर सांडलेला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी ठाण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीत, नोकरी अजून कच्ची. साहेबांनी बजावलं, "मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यात एकटा जा. काम नीट झालं तर पक्का करतो, नाहीतर घरी बस!"

तिथल्या मोठ्या मशीनला चार प्रोसेसर, म्हणजे चार डोकी. लोड वाढला की एकेक डोकं आपोआप जागं व्हावं, कमी झाला की झोपावं, असे नियम लिहायचे होते. लिहिले! वर स्वतःची अक्कलही पाजळली. डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम सांभाळणाऱ्या कांबळे मॅडमना विचारलं, "सुट्टीच्या दिवशी मशीनरूमचा एसी बंद असतो का?"

"असतो की."

झालं! एसी बंद म्हणजे मशीन तापणार. मी नियम ठोकला: रविवारी लोड कितीही वाढो, जागा राहील तो एकच प्रोसेसर. रविवारी कोण मरायला येतंय कामाला?

रविवारी सकाळी शेजारच्या सावंतकाकूंकडे माझ्यासाठी फोन आला. अडीअडचणीला म्हणून मीच तो नंबर देऊन आलेलो. पलीकडे कांबळे मॅडम.

"अहो, मालाचं एक चलन छापायला मशीन अर्धा तास घेतंय!"

"मॅडम, त्याला आराम दिलाय. तुम्हीपण घ्या."

"आराम? गेटवर अकरा ट्रक उभे आहेत!"

"रविवारी ट्रक बोलावले कोणी?" माझा आवाज चढलेला. "सुट्टीच्या दिवशी माणसांना राबवतात म्हणजे काय? द्या मॅनेजरना फोन, मीच बोलतो!"

अहो, मी चक्क कामगार पुढारी झालेलो! काकू कौतुकाने बघत होत्या.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दादा, इथल्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी आम्ही फुल चालू."

सावंतकाकांची स्कूटर मागून घेतली आणि सुटलो तो थेट मानपाड्याला. नियमातली ती एक ओळ खोडली मात्र, तिन्ही प्रोसेसर पटापट जागे झाले, चलनं धडाधड निघू लागली. मी कोपऱ्यात उभा, नोकरी गेली असं धरून.

कांबळे मॅडमनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. "आमच्या सुट्टीसाठी भांडलात ना? मग खा आता."

"साहेबांना कळलं तर संपलोच मी."

"कळवायला तर लागणारच," म्हणाल्या, आणि पत्र लिहायला बसल्या.

त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पत्रात सगळं खरं लिहिलेलं, माझी चूकसुद्धा. पण त्यापुढे लिहिलं, 'चूक कळताच स्वतःची सुट्टी सोडून धावत आले आणि तासाभरात काम सुरळीत करून दिले.' साहेब खूश! त्याच आठवड्यात मी पक्का झालो.

पत्राचा शेवट मात्र साहेबांनी अख्ख्या ऑफिससमोर मोठ्याने वाचला: 'रविवार आमचा कामाचा दिवस असतो, हे आता या गृहस्थांइतकं कुणालाच पाठ नसेल. तरी यापुढे दर रविवारी यांनाच पाठवावे.'